पटाला पाच कमी

माझी धाकटी मुलगी बोरिवलीत महापालिकेच्या मराठी शाळेत शिकते असं सांगितलं की समोरचा माणूस क्षणभर थांबतो आणि मग म्हणतो, "अरे वा!" त्या थांबण्याचा अर्थ मला कळतो आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. आमच्या सोसायटीत अठ्ठेचाळीस घरं आहेत. शाळेत जाणारी मुलं एकतीस. त्यातलं महापालिकेच्या शाळेत जाणारं मूल एक, आणि ते आमचं. परवडत नव्हतं म्हणून नव्हे, आणि समाजसेवा म्हणून तर नव्हेच. थोरला इंग्रजी शाळेत होता, त्याचा रोजचा दीड तास बसमध्ये जायचा. धाकटीच्या वेळी मी मोजून पाहिलं. ही शाळा आमच्या फाटकापासून पाचशे साठ पावलांवर आहे. पावसाळ्यात डबकी चुकवत गेलं तर सहाशे. शिवाय मी स्वतः याच शाळेतून सातवी पास झालेलो. बायकोने एकच अट घातली. "गणित चांगलं शिकवत असतील तरच हं. तुमची शाळा म्हणून नाही."

गणित चांगलं शिकवत होते. गेल्या वर्षी जो सगळा गोंधळ झाला तो त्या गणितापायीच.

मी एका बिल्डरच्या ऑफिसात एस्टिमेटचं काम करतो. नकाशा समोर आला की किती सिमेंट, किती सळई, किती माणसं आणि किती दिवस, हे काढून द्यायचं. पंचवीस वर्षं हेच केल्यामुळे कुठेही गेलो तरी मी मोजायला लागतो. त्यामुळे गणिताच्या बाई मला पहिल्या दिवसापासून आवडल्या. त्या सहावी-सातवीला शिकवायच्या. दर सोमवारी प्रत्येक मुलाने घरून एक आकडा आणायचा, असा त्यांचा नियम होता. आकडा मोजलेला हवा. आईच्या साडीची लांबी चालेल, पिठाच्या डब्याचं वजन चालेल, आजोबांचं ब्लडप्रेशरही चालेल. सहावीतल्या आमच्या मुलीने पहिल्या सोमवारी बसचा नंबर नेला. बाई म्हणाल्या, "हा कोणी मोजला? हा नुसता दिलाय. मोजलेला आण." मुलगी घरी येऊन फणफणली. मी मात्र जेवताना दोनदा म्हटलं, "काय बाई आहेत!" बायको म्हणाली, "कळलं. आमटी घ्या."

त्याच उत्साहात मी शाळेच्या व्यवस्थापन समितीवर निवडून आलो. निवडून म्हणजे, कोण तयार आहे विचारल्यावर पालकांमध्ये माझा एकट्याचा हात वर होता.

समितीच्या अध्यक्ष एक ताई होत्या. महापालिकेच्या दवाखान्यात आरोग्य सेविका, मुलगा सातवीत. त्यांचे वडील अकोल्याकडून येऊन इथे रंगकाम करायला लागले. ताई जन्मल्या-वाढल्या बोरिवलीत, आणि बोलणं एकदम सरळसोट. मला त्या पहिल्या सभेपासून 'इंजिनियर' म्हणायच्या. मी तीनदा सांगितलं की माझा फक्त डिप्लोमा आहे. चौथ्यांदा त्या म्हणाल्या, "बरं, डिप्लोमा इंजिनियर. पुढे बोला." मी तो विषय सोडला.

जुलैच्या सभेत मोठ्या बाईंनी वाईट बातमी दिली. आमच्याकडे मुख्याध्यापिकेला मोठ्या बाई म्हणतात. शिक्षकांच्या जागा पटावर ठरतात, म्हणजे हजेरीपटावर किती मुलांची नावं आहेत त्यावर. सप्टेंबरअखेर जेवढा पट, तेवढे शिक्षक. सहावी-सातवीत मिळून आमच्याकडे तीन मुलं कमी होती. ती भरली नाहीत तर गणिताच्या बाई 'अतिरिक्त' ठरणार आणि जिथे जागा रिकामी असेल तिथे जाणार.

"जागा कुठे रिकामी आहे?" ताईंनी विचारलं.

"सध्या तरी ट्रॉम्बेला," मोठ्या बाई म्हणाल्या.

गणिताच्या बाई दहिसरला राहतात. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. दुपारी मधल्या सुट्टीत घरी धावत जाऊन त्यांना औषध देऊन परत येतात, हे सगळ्या शाळेला ठाऊक होतं. ट्रॉम्बेहून ते कसं जमणार? बाई स्वतः सभाभर वहीच्या कडेला छोटे छोटे चौकोन काढत राहिल्या.

"आणि मग गणित कोण शिकवणार?" मी विचारलं.

सगळ्यांनी मराठीच्या सरांकडे पाहिलं. सर प्रामाणिक माणूस. म्हणाले, "माझ्याकडे बघू नका. अपूर्णांक दिसले की मला आजही घाम फुटतो."

मला त्या दिवशी एक गोष्ट खटकत होती. मी सभेआधी शाळेचे दरवाजे, पंखे, नळ सगळं मोजलं होतं. इमारत तीन मजली, रंग ताजा. प्रत्येक वर्गात चार पंखे, चारही फिरणारे. वह्या, दप्तर, गणवेश, बूट, छत्री, सगळं महापालिका देते, दुपारी खिचडी असते. शाळेत काय कमी आहे याची यादी करायला बसलो तर पहिल्याच ओळीवर अडकलो. कमी होती ती मुलं.

मग मी माझ्या स्वभावाप्रमाणे एक काम केलं, आणि तिथून सगळं बिघडलं. मी हजेरीपट मागून घेतला आणि प्रत्येक नावासमोरचं मूल वर्गात आहे का ते पाहिलं. सहावीत एक भाऊ आणि सातवीत त्याची बहीण, दोघंही शाळा सुरू झाल्यापासून आलेली नव्हती. मी त्यांच्या वडिलांना फोन केला. ते म्हणाले, "आम्ही गावी आलो साहेब, साताऱ्याला. पोरं इथल्या शाळेत जातात." म्हणजे ती दोन मुलं दोन पटांवर होती.

पुढल्या सभेत मी म्हटलं, "ही दोन नावं कमी करायला हवीत."

मराठीचे सर म्हणाले, "अहो, गावाला गेलेली मुलं परत येतात कधी कधी."

"तिथे नाव घातलंय त्यांनी."

समितीत एक रिक्षावाले पालक होते, नेहमी हसतमुख. तेही गंभीर झाले. "काका, आपण बाई वाचवायला बसलोय की घालवायला? वाट लावलीत तुम्ही!"

"पटावर नाव आहे, मूल नाही," मी म्हटलं. "उद्या तपासायला आले तर बाईंची जागाही जाईल आणि मोठ्या बाईंवर ठपकाही येईल."

नावं कमी झाली. आता तीनऐवजी पाच कमी. घरी आल्यावर बायकोला सांगितलं, तर ती भाजी निवडायची थांबली. "अहो, तुम्हाला कोणी विचारलं होतं का?" मुलगी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सोमवार होता म्हणून माझी कंबर मोजायला आली.

शाळा शंभर वर्षांच्या पलीकडची आहे हे दाखवून बाईंची जागा राखण्यासाठी अर्ज करावा, असं मोठ्या बाईंच्या मनात होतं. त्यासाठी त्यांनी लोखंडी कपाटातून जुनं शेरेबुक काढून दिलं. तपासणीला आलेला अधिकारी शाळेबद्दल जे मत लिहून जातो ते या पुस्तकात. लाल कापडी बांधणी, कडा कसरीने खाल्लेल्या, पण शाई शाबूत. मी ते तीन संध्याकाळी बसून वाचलं.

बोरिवली तेव्हा मुंबईत नव्हती, गाव होतं. राज्य इंग्रजांचं, इलाखा मुंबई, शाळा लोकल बोर्डाची. पैसा कुठून यायचा ते शेऱ्यांमधून तुकड्यातुकड्याने कळत गेलं. शेतसाऱ्यावर थोडी जादा पट्टी बसायची, तिच्यातला काही वाटा शाळांना. इमारतीला काही हवं तर गावाने आधी वर्गणी काढायची, मग बोर्ड भर घालणार. तपासायला डेप्युटी इन्स्पेक्टर यायचे. गावातले लोक त्यांना 'दिपोटी' म्हणायचे, असं माझे आजोबा सांगत. एका वर्षी दिपोटींनी लिहिलंय की छपराची चाळीस कौलं फुटलेली आहेत. पुढल्या वर्षी साठ. तिसऱ्या वर्षी त्यांनी मोजणं सोडलं आणि लिहिलं, कौलांची स्थिती पूर्ववत. गावाने विचारायचं बोर्डाचा हिस्सा किती, बोर्डाने विचारायचं गावाचा किती, तोवर पावसाळा यायचा आणि शाळा देवळात भरायची.

मास्तर एक, इयत्ता चार. मास्तरांकडेच गावचं टपाल. एकदा दिपोटी आले तेव्हा मास्तर पत्रं वाटायला गेले होते आणि चौथीतला एक मुलगा चारही वर्ग सांभाळत होता. शेरा आहे: शिस्त बरी. मी एकटाच मोठ्याने हसलो. बायको आतून म्हणाली, "काय झालं?" तिला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, "त्या मुलाचा पगार कोणी घेतला?"

पुढच्या सभेत मी ही पानं सगळ्यांना वाचून दाखवली. वातावरण जरा सैल झालं. मास्तरांचा भत्ता सरासरी हजेरीवर ठरायचा, त्यामुळे दिपोटी येणार त्या दिवशी शाळा भरगच्च असायची. एका वर्षी दिपोटींनी मुलांना इयत्ता विचारली. चौघांना आपण कुठल्या इयत्तेत आहोत हे ठाऊक नव्हतं. एकाला तर ही शाळा आहे हेही कोणी सांगितलं नव्हतं, तो प्रसाद मिळेल म्हणून आला होता.

रिक्षावाले टाळी वाजवून म्हणाले, "झकास! म्हणजे आयडिया जुनीच आहे. ऐका ना, माझ्या मेव्हण्याची तीन पोरं आहेत. दोन शेजारची. एक दिवस आणून बसवतो. इयत्ता मी पाठ करून घेतो."

सगळे हसले. गंमत म्हणजे हसता हसता दोघं-तिघं विचारही करायला लागले. मराठीचे सर म्हणाले, "एक दिवसाचाच तर प्रश्न आहे."

ताई हसल्या नाहीत. त्यांनी पुस्तक माझ्यापुढून ओढून घेतलं होतं आणि पुढचं पान वाचत होत्या. ते पान मी वाचलं होतं, पण सभेत वाचून दाखवायचं टाळलं होतं. त्यात लिहिलं होतं की दोन मुलं ओसरीवर बसतात, त्यांना आत बसवावं. कुठली मुलं ते लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजही नव्हती. पुढल्या वर्षी पुन्हा तोच शेरा. तिसऱ्या वर्षी एवढंच की ओसरीवर दोन मुलं आहेत, हजेरीत धरली आहेत.

ताईंनी ती ओळ बोट ठेवून मोठ्याने वाचली. मग म्हणाल्या, "आत नाही घेतलं. पण भत्त्याला मोजलं बरोबर."

त्यांनी पुस्तक मिटलं.

"माझा पणजा अकोल्याकडे असाच बसला बाहेर. आम्ही बौद्ध झालो ते आजोबांच्या वेळी. तेव्हा ऐका. पोरं नुसती मोजायला आणायची असतील तर मी ह्यात नाही. वर्गात बसवायला आणायची असतील तर सांगा, रविवारी सुट्टी आहे मला."

रिक्षावाले कान पकडून म्हणाले, "ताई, चुकलं. बसवायला आणू."

"कुठून आणू?" मोठ्या बाई म्हणाल्या. "आजूबाजूच्या सगळ्या चाळी फिरून झाल्या. आहेत ती मुलं इंग्रजीत."

मी वही उघडली. परिसरातल्या इमारती, घरं, अंदाजे मुलं, असा तक्ता मी करून आणला होता. ताईंनी तो उलटा-सुलटा बघितला. "हे काय, तुमच्या कंपनीचा टॉवर बांधतायत तो ह्यात नाही?"

"ती साइट आहे. तिथे फक्त कामगार राहतात."

"आणि त्यांची पोरं?"

"पोरं नाहीत तिथे," मी ठामपणे म्हटलं. "लेबर कॅम्पचं एस्टिमेट मीच केलंय. एकशे वीस माणसं, वीस खोल्या, एका खोलीत सहा. माझ्याकडे आकडे आहेत."

ताई माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "इंजिनियर, गेल्या पोलिओच्या रविवारी मी तुमच्या त्या वीस खोल्या फिरले. चौदा बाळांना थेंब पाजले, नखाला शाई लावली. त्या बाळांना कडेवर घेऊन कोण आलं होतं? तुमची सळई?"

रिक्षावाले टेबलावर डोकं ठेवून हसले. गणिताच्या बाईही हसल्या, जुलैनंतर पहिल्यांदा. मी वही मिटली, कारण माझ्या कॅम्पच्या तक्त्यात नळ होते, संडास होते, विजेचे पॉइंट होते, आणि मुलांचा रकानाच नव्हता. पंचवीस वर्षांत एकाही कॅम्पच्या एस्टिमेटमध्ये मी तो घातला नव्हता. कोणी विचारला नव्हता हे खरं. पण मोजणारा मी होतो.

रविवारी आम्ही चौघं गेलो. ताई, गणिताच्या बाई, रिक्षावाले आणि मी. साइट शाळेपासून बाराशे पावलांवर. पत्र्याच्या खोल्यांच्या रांगेबाहेर चुली पेटलेल्या होत्या. बहुतेक कुटुंबं जालना-परभणीकडची, म्हणजे भाषेचा प्रश्न नव्हता. सहा ते चौदा वयाची मुलं मी मोजली, अकरा भरली. ताईंनी मोजली, तेरा भरली. मी विटांच्या ढिगामागे खेळणारी दोन धरली नव्हती.

सहावी-सातवीच्या वयाची त्यातली सहा होती. त्यांत एक बारा वर्षांची मुलगी. कडेवर भाऊ, हातात पाण्याची कळशी. मुकादमाने ओळख करून दिली की हे ऑफिसचे साहेब, कॅम्पचा प्लॅन यांनीच काढला. तिने मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"एका खोलीत सहा, असं तिकडं भिंतीवर तुमीच लिवलंय का?"

"हो. तुला वाचता येतं?"

"चौथी झाली माझी गावाकडं. आमी नऊ हाओत खोलीत."

मी वहीत लिहून घेतलं.

तिची आई चुलीपासून म्हणाली, "पोरगी साळंत गेली तर बारक्याला कोण बगंल? मी वर कामावर."

ताईंकडे उत्तर तयार होतं. "बारका पण शाळेत. खालच्या मजल्यावर बालवाडी आहे. दीदी वर, बारका खाली. सुट्टी दोघांना बरोबर."

"अन् फी?"

"फी नाही गं. उलट बूट देतात."

"दाखला न्हाई आमच्यापाशी."

"नसू दे. वय बघून वर्ग मिळतो. कायदाच आहे तसा."

तिच्या आईने आमच्या चौघांकडे आळीपाळीने पाहिलं, जणू ह्यात कोण खोटं बोलतंय ते शोधत होती. मग गणिताच्या बाईंना म्हणाली, "तुमी शिकवणार?"

"मी शिकवणार," गणिताच्या बाई म्हणाल्या. आणि मग, विचारलं नसताना, "राहिले तर."

सहापैकी एका मुलाचा बाप तयार झाला नाही. दसऱ्याला त्याला गावी परतायचं होतं, उगीच नाव घालून काय उपयोग, असं तो म्हणाला. मला तो माणूस आवडला. बाकी पाच आली. बरोबर पाच. लहान वर्गांसाठी सात आली ती वेगळी, आणि बालवाडीला किती आली ते ताईंनाच माहीत.

नवी मुलं वर्गात कुठे बसवायची याचा नियम ताईंनी आधीच घालून दिला होता. एकत्र वेगळ्या रांगेत नाही, प्रत्येकाच्या शेजारी एक जुनं मूल. चौथी झालेल्या त्या मुलीला आमच्या मुलीशेजारी जागा मिळाली. पहिल्या आठवड्यात आमची मुलगी रोज तक्रार करायची. "बाबा, ती माझी पट्टी घेते." "बाबा, ती खूप मोठ्याने पाढे म्हणते." दुसऱ्या आठवड्यात तक्रार बदलली. "बाबा, तिचा एकोणिसाचा पाढा माझ्याआधी संपतो."

तिसऱ्या सोमवारी त्या मुलीने आकडा आणला: नवव्या मजल्यापर्यंत दोनशे सोळा पायऱ्या. बाईंनी फळ्यावर लिहिला. आमच्या मुलीने घरी येऊन मला सांगितलं, आणि मी म्हटलं, चूक आहे. माझ्या नकाशाप्रमाणे मजल्याला बावीस, नऊ मजल्यांच्या एकशे अठ्ठ्याण्णव. दुसऱ्या दिवशी साइटवर काम होतंच. मी जिना चढत मोजल्या. दोनशे सोळा. खालच्या पार्किंगपासूनच्या अठरा पायऱ्या मी धरल्याच नव्हत्या, कारण नकाशात माझा पहिला मजला तिथून वर सुरू होतो. तिची आई मात्र डोक्यावर पाटी घेऊन खालून चढते. संध्याकाळी मी मुलीला सांगितलं, "तिला सांग, बरोबर आहे." मुलगी म्हणाली, "बाई म्हणाल्याच होत्या. बाई म्हणाल्या, जिने मोजलंय तिच्यावर विश्वास ठेवा."

सप्टेंबरअखेर निरीक्षक साहेब आले. पन्नाशीचे, दमलेले, हातात जाड फाइल. मोठ्या बाईंनी समितीला थांबायला सांगितलं होतं. निरीक्षकांनी आधी सहावी मोजली, मग सातवी. सातवीत एका नव्या मुलाला उभं करून विचारलं, "वर्गात किती मुलं आहेत रे?"

तो मागे न बघता म्हणाला, "एकोणीस. एक मुतारीत गेलाय, त्याला धरून."

पट बरोबर जमला. एकही जास्त नाही, एकही कमी नाही. ऑफिसात चहा आला तेव्हा निरीक्षकांनी फाइल मिटली नाही. "ही पाच मुलं नवी दिसतात. बांधकामावरची ना? किती दिवस राहणार?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. रिक्षावाले टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवून होते. मोठ्या बाई कपाकडे बघत होत्या. गणिताच्या बाई दाराशी उभ्या होत्या, आत यायला संकोचत. 'दोन वर्षं' एवढंच म्हटलं तरी पुरे होतं. टॉवर पुरा व्हायला खरंच दोन वर्षं होती. पण टॉवर राहणार म्हणून माणसं राहत नाहीत. सळई बांधणारी टोळी स्लॅब संपले की जाते, मग प्लॅस्टरवाले येतात. हे माझ्याइतकं त्या खोलीत कोणालाच ठाऊक नव्हतं.

मी म्हटलं, "पाचांपैकी तिघांचे आईवडील सळईच्या कामावर आहेत. तेरा स्लॅब बाकी आहेत, एकाला पंधरा दिवस. म्हणजे हे शालेय वर्ष पुरं होईल, पुढचं नाही. उरलेल्या दोघांचे वडील गवंडी आहेत, ते पुढचं वर्षही राहतील. त्यापुढचं मी सांगू शकत नाही."

रिक्षावाल्यांनी पाय जोरात दाबला. उशीर झाला होता.

निरीक्षक माझ्याकडे बघत होते. "मी दर शाळेत हे विचारतो," ते म्हणाले. "सगळे म्हणतात, कायमची. तुम्ही काय करता?"

"एस्टिमेट."

"वाटलंच." त्यांनी चहा संपवला. "पट आजचा धरायचा असतो. आज मुलं आहेत, वर्गात आहेत, वह्या लिहिलेल्या आहेत. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी." आणि सही केली.

ते गेल्यावर ताई म्हणाल्या, "इंजिनियर, तुम्ही एक दिवस मला हार्ट अटॅक देणार."

"म्हणजे पुढच्या जुलैत पुन्हा फिरायचं," मोठ्या बाई म्हणाल्या.

"प्लॅस्टरवाल्यांना पण पोरं असतात," ताई म्हणाल्या. "काय हो, असतात ना? की तुमच्याकडे आकडे आहेत?"

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली त्या आठवड्यात शिक्षकांच्या जागांची यादी आली. गणिताच्या बाईंची जागा राहिली होती. मोठ्या बाईंचा फोन मला ऑफिसात आला. मी पेढे घेऊन संध्याकाळऐवजी दुपारीच शाळेत गेलो. मधल्या सुट्टीत बाई नेहमीप्रमाणे घरी जाऊन औषध देऊन परत आल्या होत्या, अजून धाप लागलेली. मी पेढ्याचा पुडा पुढे केला आणि अभिनंदन म्हटलं.

त्यांनी पेढा घेतला, तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "सहावीत या जरा."

मला वाटलं आता त्या आभार मानणार. त्यांनी मला मागच्या रांगेपाशी नेलं. दोनाच्या बाकावर तीन मुलं बसत होती. अशी तीन बाकं. "मधल्याला लिहिताना कोपर ठेवायला जागा नाही. मी ऑगस्टमध्येच दोन बाकं मागितलीत. मी इथे आहे हे आता पक्कं झालं, तर हे पण पक्कं करा."

मी दोन बाकांचा अर्ज त्याच दिवशी लिहिला. ताईंनी दवाखान्यातून वॉर्ड ऑफिसात चौकशी केली, तर कळलं की मागच्या वर्षी बंद पडलेल्या एका शाळेची बाकं गोदामात पडून आहेत. मग रिक्षावाल्यांनी मेव्हण्याचा टेम्पो आणला. तीन पोरांचा बाप तोच. "चला, निदान मेव्हणा तरी कामाला आला," ते म्हणाले.

बाकं दोन मागितली होती, कागदावर दोनच लिहिलेली, आणि टेम्पोत तीन निघाली. मी गोदामवाल्याला फोन करायला मोबाइल काढला. ताईंनी तो माझ्या हातातून काढून स्वतःच्या पर्समध्ये टाकला. "उद्या. आधी वर चढवा."

दुसऱ्या मजल्यापर्यंत आम्ही ती चढवली. मुलांनी जागा करून दिली, आपापली दप्तरं उचलून भिंतीला उभी राहिली. तिसरं बाक ठेवल्यावर रांग सरळ झाली आणि कोपरं मोकळी झाली. बारा वर्षांची ती मुलगी आमच्या मुलीशेजारी जाऊन बसली, वही उघडली, पट्टी मधोमध ठेवली. मी खिडकीपाशी उभा राहून घाम पुसत होतो आणि वर्गाकडे बघत होतो. बरं वाटत होतं.

बाईंनी खडू घेतला. "काका," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तास सुरू झालाय. पालकांनी बाहेर."

आमच्या मुलीने तोंडावर वही धरली. मी बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.